पाऊणकी

नववी ब. गुरुत्वाकर्षणाचा धडा संपत आलेला.
फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली,
समुद्राला दोन्ही अंगांनी फुगवटा दिला
आणि म्हणाले, भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते.
मागच्या बाकावरून यज्ञेश तांडेल, हात वर न करता:
"बाई, आज सव्वापाचला हाय.
सातम ना. साती पाऊण सव्वापाच."

मी अंबाजोगाईची.
आमच्याकडे पाणी एकाच दिशेला जायचं, खाली.
सारसोळ्याच्या या शाळेत अकरा वर्षं झाली,
आणि खाडी म्हणजे माझ्यासाठी
दुपारी खिडकी लावून घ्यायचं कारण.

त्याच्या चुलत्याला, जोमा तांडेलला, वर्गात या म्हटलं.
तो दारापर्यंत आला, चपला काढल्या,
आत पाहिलं, परत चपला घातल्या.
"इथं पानी कुठं हाय?"

मग अर्ज. मग पालकांच्या सह्या.
मग केंद्रप्रमुखांचा फोन:
हे नक्की कोणत्या अध्ययन निष्पत्तीत बसतं?
मी म्हटलं, निरीक्षण. तो शब्द सगळीकडे बसतो.

जेटीवर एक बांबू रोवला. रुचिकानं त्यावर
नेलपॉलिशनं सेंटिमीटर आखले, लाल.
सातमीला पाणी सव्वापाचला चढतच होतं.
पाच छत्तीसला थांबलं.
पोरं यज्ञेशकडे बघून हसली. तो चिखलाकडे बघत राहिला.
मीही, खोटं कशाला बोलू, जराशी सुखावले:
पुस्तक माझं होतं.

पण आम्ही बांबू उपटला नाही.
दशमी, द्वादशी, मधली एक सुट्टी बुडाली,
एकदा शेवाळावरून घसरून माझा चष्मा गेला.
पुनवेला भर बाराचं ऊन,
पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि पाणी बाराला.
शरणू हिप्परगी, त्याचे वडील उलव्याला सेंट्रिंग करतात,
वहीच्या मागच्या पानावर वजाबाक्या करत म्हणाला,
"बाई, चूक रोज तीनच मिनिटं वाढते. अठ्ठेचाळीस पाहिजे होते."
मग पन्नास कसे?
"तिथी दिवसापेक्षा आखूड असते ना, बाई."
हे मला माहीत नव्हतं.
हे मी वर्गात तसंच सांगितलं.

जोमाला वही दाखवली. त्यानं ती उलटी धरली होती,
नंतर सरळ केली.
तीन मिनिटं, म्हटलं, रोजची. तुमच्या पाढ्यात राहून गेलीयत.
त्यानं जाळ्याची गाठ दातांनी ओढली.
"ऱ्हाऊ दे. पान्याचे पयले मानूस पोचला पायजे.
होरी धुवायची, जाला बगायचा, एक बिडी.
पानी आल्यावर जो पोचला
तो काय कोली?"

म्हणजे ती चूक नव्हती,
किंवा होती, आणि तिच्यात बसायला जागा होती.
फळ्यावर हे कसं लिहायचं, मला अजून कळलेलं नाही.

सगळंच काही असं जुळलं नाही.
अवसेच्या चिंबोऱ्या भरलेल्या, पुनवेच्या पोकळ, असं तो म्हणतो.
आम्ही ताणकाट्यावर तोलल्या, मग उकडून फोडल्या.
पुनवेच्या पाचातल्या तीन भरलेल्या निघाल्या.
जोमा रागावला. दुसऱ्या अवसेला
स्वतःच बादली घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा:
"पाचान काय कलतं? ही घ्या अजून बारा."
मला वाटतं, त्या दिवशी आमच्या शाळेत विज्ञान आलं.
वासावरून सगळ्यांना कळलं.

आता फळ्यावर दिनांकाखाली तिथी लिहितो.
यज्ञेश लिहितो, अक्षर वाईट.
परीक्षेत आलंच, तर पन्नास लिहा, असं मी सांगते,
आणि सांगताना खिडकीकडे बघते.

परवा जोमा म्हणाला, पलीकडं भराव पडल्यापासनं
पानी आलसावलंय.
किती? विचारलं.
त्यानं हात हवेत धरला, थोडा हलवला.
शरणू नवी वही घालतोय.
बांबू तोच आहे,
नेलपॉलिश खालून उडालंय.